एकाच घरातले दोन आकडे

आमच्या स्वयंपाकघरात तेलाचा पाच लिटरचा डबा फोडला, की त्याच्या झाकणावर मी त्या दिवसाची तारीख लिहिते. या सवयीला आता दोन वर्षे झाली. त्याआधी डबा संपत आला की किराणा दुकानात फोन करायचा आणि दुसरा मागवायचा, एवढाच त्याचा हिशोब होता. मागचा डबा किती दिवस पुरला, हे घरात कोणालाही सांगता आले नसते. म्हणूनच डॉक्टरांनी मला विचारलेल्या पहिल्याच साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘चार माणसांच्या घरात महिन्याला तेल किती लागतं?’ असे त्यांनी विचारले आणि तीस वर्षे रोज दोन वेळा फोडणी घालणारी मी गप्प राहिले.

त्या दिवशी माझ्यासमोर रक्ततपासणीचा अहवाल होता. एकूण कोलेस्टेरॉल २४८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ३८ आणि एलडीएल (ज्याला वाईट म्हणतात ते) १६८. मला तेव्हा त्रेपन्नावे वर्ष चालू होते. छातीत दुखत नव्हते, दम लागत नव्हता. गुडघा दुखतो म्हणून गेले होते आणि वयाकडे पाहून डॉक्टरांनी इतर तपासण्याही लिहून दिल्या होत्या. कोलेस्टेरॉल वाढल्याची खूण शरीर सहसा देत नाही, हे मी तेव्हा प्रथम ऐकले. रक्तवाहिनीच्या अस्तरात वर्षानुवर्षे थर साचत राहतो आणि माणूस त्याच काळात बाजारहाट करतो, नोकरी करतो, लग्नांना जातो.

अहवालातल्या चार आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडले नाही. एलडीएलचा आकडा अनेकदा थेट मोजलेला नसतो, तर १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्राने काढलेला असतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर मात्र हे सूत्र चालत नाही. मी अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर २४८ मधून ३८ आणि ४२ वजा केले, तेव्हा १६८ उरले. त्या वजाबाकीने आजार कमी झाला नाही, परंतु तो माझ्या हिशोबात आला.

डॉक्टरांनी गोळी लगेच लिहून दिली नाही. आधी त्यांनी थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितले, कारण थायरॉइडचे काम मंदावले की एलडीएल आपोआप चढते आणि अशा वेळी आहाराला दोष देत बसणे व्यर्थ असते. दोन्ही तपासण्या ठीक आल्या. मग त्यांनी पाळीविषयी विचारले. ती थांबून तीन वर्षे झाली होती. स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन यकृताला रक्तातले एलडीएल उचलायला मदत करत असते. ते ओसरले की हा आकडा वर सरकतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचे पन्नाशीपर्यंतचे अहवाल चांगले असतात आणि पुढच्या पाच वर्षांत ते बिघडतात, त्यामागे हे कारण असते. ही गोष्ट आम्हा बायकांना कोणी का सांगत नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते. पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते, हे आम्ही एकमेकींना हळू आवाजात सांगतो; रक्तातल्या या बदलाविषयी मात्र कोणी बोलत नाही.

त्यानंतर त्यांनी माहेरचे विचारले. माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी, सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, घेवड्याच्या रानात कोसळले आणि दवाखान्यात पोहोचण्याआधी गेले. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ बारा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. ‘भावाची तपासणी झाली आहे का?’ त्यांनी विचारले.

झाली नव्हती, आणि ती करावी असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. माझा धाकटा भाऊ अंगाने शिडशिडीत आहे. तो माळकरी आहे. मांस, मासे, अंडे यांना तो विसाव्या वर्षापासून शिवलेला नाही. तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. सकाळी रानात आणि दिवसभर शाळेत त्याचे पाय चालूच असतात आणि आषाढात पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली की लोणंदपासून पुढे तो तिच्याबरोबर चालतो. आमच्या घराण्यात तब्येत कोणाची, तर त्याची, असे सगळे म्हणत. त्याने केवळ माझे मन राखण्यासाठी रक्त दिले आणि त्याचे एलडीएल २२४ आले.

‘आक्का, नमुने बदलले असतील,’ तो म्हणाला. आम्ही पुन्हा तपासणी केली. २२१.

त्याच्या मनाला काय लागले, ते मला नंतर समजले. आजाराची भीती त्याला होतीच. परंतु त्याहून अधिक त्याला वाटत होती ती लाज. ‘मी अंड्याला शिवत नाही, मला कोलेस्टेरॉल कसं?’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझीही अवस्था काही वेगळी नव्हती. माझा अहवाल कळल्यावर नात्यातल्या एका बाईंनी ‘खाण्यावर जरा ताबा ठेवायला हवा होता’ असे म्हटले होते आणि ते वाक्य मी कित्येक रात्री मनात घोळवले होते. मधुमेह किंवा रक्तदाब झालेल्या माणसाला लोक विचारपूस करतात. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाकडे मात्र पंक्तीत जास्त वाढून घेतल्यासारखे पाहतात. हा लेख लिहिण्यामागे माझे मुख्य कारण हेच आहे. आहाराने आणि चालण्याने हा आकडा खाली येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि ते प्रत्येकाने करून पाहावे असे मला मनापासून वाटते. परंतु तो किती खाली येतो, हे सर्वस्वी आपल्या हातात नसते आणि जिथे आपला हात पोहोचत नाही, तिथे लाज बाळगण्याचे कारण नाही.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर यकृतात आहे. शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत आणि इतर पेशी स्वतःच तयार करतात; ताटातून येणारा वाटा त्या मानाने लहान असतो. ते मुळात विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते, पित्त त्यापासून बनते, कित्येक संप्रेरके त्यापासून बनतात. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून त्याला वाहून न्यावे लागते आणि ही वाहतूक करणारे मुख्य कण म्हणजे एलडीएल. काम झाल्यावर उरलेले हे कण परत उचलून घेणे हेसुद्धा यकृताचेच काम असते.

हे मला नीट उमगले ते गळीत हंगामात. नोव्हेंबरपासून आमच्या भागात साखर कारखान्यांच्या दिशेने उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या लागतात. कारखान्याचे वजनकाटे सगळे चालू असले की गाड्या भराभर आत जातात, ऊस गव्हाणीत पडतो आणि रस्ता मोकळा राहतो. दोन काटे बंद पडले की त्याच गाड्यांची रांग रस्त्यावर येते, रात्रभर थांबते, ऊस वाळतो, पाचट उडून गटारात साचते. त्या वेळी रानातून आलेला ऊस जास्त नसतो. आत घेणारे काटे कमी पडलेले असतात. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत घेणारी अशीच ठिकाणे असतात, त्यांना ग्राहक किंवा रिसेप्टर म्हणतात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी ती शोधून काढली आणि त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना हा शोध लागला तोच मुळी अशा कुटुंबांचा अभ्यास करताना, ज्यांच्यात लहान वयात हृदयविकार पिढ्यानपिढ्या चालत आलेला होता.

साय, तूप, लोणी, वनस्पती तूप, पामतेल यांतला संपृक्त, म्हणजे गार झाल्यावर घट्ट बसणारा, मेद हे काटे मंदावतो. म्हणूनच अंड्यातल्या किंवा इतर कशातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा या मेदाचा परिणाम एलडीएलवर अधिक होतो. माझ्या बाबतीत काटे शाबूत होते, पण इस्ट्रोजेन ओसरल्यामुळे आणि घरातल्या खाण्यामुळे ते मंद पडले होते. भावाच्या बाबतीत ते जन्मापासूनच निम्मे असावेत, असा डॉक्टरांचा कयास होता. त्यांनी त्याला खुर्चीवर पाय सोडून बसवले आणि टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, चिमटीत धरून पाहिली. ती दोन्ही पायांना जाडसर, गाठाळ लागत होती. कोलेस्टेरॉल त्या शिरेतही साचते. मग त्यांनी त्याच्या डोळ्यांत विजेरी टाकली आणि बुबुळाच्या कडेची पांढरट कड आम्हाला दाखवली. हे आईला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ बोलली नाही. ‘तुमच्या वडलांच्या डोळ्यांत तशीच कडी होती,’ ती म्हणाली, ‘मला वाटायचं, उन्हानं आली.’

फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया असे या दोषाचे लांबलचक नाव आहे. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो, म्हणजे दुर्मिळ म्हणावा असा तो मुळीच नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून तो येतो आणि प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांच्या दोन मुलांपैकी तो मला आला नाही, त्याला आला.

तरीही आम्ही दोघांनी तीन महिने एकच पथ्य पाळायचे ठरवले. आहारातल्या बदलाचा परिणाम रक्तात दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी रक्त देण्यात अर्थ नव्हता. भावाला गोळी तेव्हाच सुचवली होती, कारण एलडीएल १९० च्या वर असले की केवळ पथ्यावर थांबू नये असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. परंतु त्याने आधी पथ्याची मुदत मागून घेतली आणि डॉक्टरांनी ती नाइलाजाने दिली.

सुरुवात तेलापासून झाली. किराणा दुकानदाराच्या वहीत आमच्या नावावर दर महिन्याला पाच लिटरचा एक डबा आणि वर एक लिटरची पिशवी निघाली. चार माणसांत सहा लिटर, म्हणजे माणशी रोज सुमारे ४५ ग्रॅम, चहाचे नऊ चमचे. बाहेरचा वडा, लग्नातले जेवण, चहाबरोबरची खारी यांतले तेल-तूप त्यात धरलेलेच नाही. डॉक्टरांनी हा आकडा निम्म्यावर आणायला सांगितला. मी पळी बाजूला ठेवून चमचा घेतला. सासूबाईंना ते पटले नाही आणि त्यांचे म्हणणे अगदी निराधार होते असेही नाही. आमच्याकडे भाजीला वर कट दिसला नाही तर पाहुण्याला आपण हात राखून वाढले असे वाटते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कांदा मंद आचेवर, झाकण ठेवून, थोड्या तेलात आणि पाण्याच्या हबक्याने परतायला वेळ लागतो, पण तो गोड होतो. सुके खोबरे कोरडेच भाजले आणि वाटण थोडे जास्त घेतले, तर रश्शाला दाटपणा येतो. पंधरा दिवसांनी त्यांनीच मला सांगितले, की रात्री होणारी त्यांची जळजळ कमी झाली आहे.

कोणते तेल, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. आमच्या भागात पूर्वी शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल होते. करडईच्या तेलात संपृक्त मेद शेकडा दहाच्या आत असतो, शेंगदाण्याच्या तेलात सतराच्या आसपास, पामतेलात जवळजवळ निम्मा, तुपात साठाच्या वर आणि खोबरेल तेलात ऐंशीच्याही वर. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असते, त्याला भुलण्याचे कारण नाही. कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांत असते. कुठल्याच वनस्पतिज तेलात ते दखल घेण्याइतके नव्हते आणि नाही. आम्ही करडई आणि शेंगदाणा आलटून पालटून वापरतो. पण तेल बदलण्याने जेवढा फरक पडतो, तेवढाच ते मोजण्याने पडतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

चहाबरोबरची खारी आणि बटर मी पूर्ण बंद केले. हे पदार्थ बहुधा वनस्पती तुपात किंवा तसल्याच घट्ट मेदात बनतात. तेल घट्ट करताना तयार होणारा ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल कमी करतो, म्हणजे दोन्हीकडून मारतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांतल्या ट्रान्स मेदाला २ टक्क्यांची मर्यादा घातली, ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु ट्रान्स मेद गेला तरी त्याच्या जागी येणारा घट्ट मेद संपृक्तच असतो, आणि खारीचे पदर त्याच्यावरच सुटतात.

दुधाचे जरा अवघड गेले. आमच्याकडे म्हशीचे दूध येते, त्यात शेकडा सहा-सात मेद असतो. मी दूध तापवून, गार करून साय काढू लागले. पण सायीचे विरजण, विरजणाचे लोणी आणि लोण्याचे तूप ही साखळी घरात चालूच होती, म्हणजे दुधातून काढलेली साय भातावरून परत पोटात जात होती. शेवटी दूध निम्मे केले आणि उरलेले गायीचे घेतले. वरणभातावर तूप चमचाभर, सणाला पुरणपोळीवर हवे तेवढे. साताऱ्यात राहून कंदी पेढा सोडला का, असे मला लोक विचारतात. सोडला नाही. पाहुण्याबरोबर एक पेढा खाल्ल्याने कोणाचे रक्त बिघडत नाही. अर्धा किलोचा पुडा कपाटात ठेवून रोज संध्याकाळी त्यातला एकेक उचलण्याने बिघडते. खव्यातला मेद एलडीएलकडे जातो आणि साखर ट्रायग्लिसराइडकडे. माझे ट्रायग्लिसराइड २१० होते, त्यात त्या पुड्याचा, गोड चहाचा आणि रात्री ढीगभर भात खाण्याचा मोठा हात होता.

काढून टाकायच्या गोष्टींपेक्षा घालायच्या गोष्टींनी मला अधिक आनंद दिला. पित्त हे कोलेस्टेरॉलपासून बनते आणि जेवल्यावर आतड्यात उतरते. काम झाले की त्यातले बरेचसे पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परतते. ओट, जव, कडधान्ये, इसबगोल यांतला पाण्यात फुगणारा चिकट तंतू या पित्ताला धरून बाहेर घेऊन जातो. मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढावे लागते, म्हणजे काटे अधिक वेगाने चालवावे लागतात. ओट आणि जव यांतला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल साधारण पाच टक्के उतरते. रोज वाटीभर शिजवलेले कडधान्यही जवळपास तेवढेच काम करते. ज्वारीची भाकरी मला प्रिय आहे आणि ती मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी चांगली. परंतु जवातला तो चिकट तंतू ज्वारीत तितका नसतो, म्हणून मी पिठात एकतृतीयांश जव दळून आणू लागले. भाकरी थोडी चिवट होते, कोमट पाण्याने आणि सवयीने ती जमते.

कडधान्याच्या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तांबूस अंगावर वाघासारखे पट्टे असलेला तो घेवडा आमच्या रानात खरिपाला होतो. लहानपणी तो आठवड्यातून चार वेळा पानात पडायचा आणि आम्ही कुरकुर करायचो. पुढे मी शहरात आले, पगार आला आणि घेवड्याची जागा पनीरने घेतली. आता भाऊ दिवाळीला पोते पाठवतो. घेवडा, मटकी, हुलगे, मसूर असे वार मी लावून घेतले आहेत. कराड-इस्लामपूरकडच्या हॉटेलांत मिळणारा अख्खा मसूर किती चविष्ट असतो हे मला ठाऊक आहे आणि वर तरंगणाऱ्या तेलाशिवाय तो घरी तितकाच चांगला होतो, हे मी करून पाहिले आहे. जेवणाआधी मूठभर शेंगदाणे, ताटात जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि रात्री पाण्यातून इसबगोल, ही जोड त्याला दिली.

चालण्याविषयी मात्र मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्यायामाने एलडीएल फारसे उतरत नाही. ट्रायग्लिसराइड उतरते, एचडीएल थोडे वाढते, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहते, वजन उतरते आणि हृदय बळकट होते. हे सगळे मिळून त्याचे मोल मोठे आहे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने, एवढे सांगितले जाते. मी पहाटे चार भिंतीच्या बाजूने अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागते. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकून उभी राहायचे. हिल मॅरेथॉनचा सराव करणारी मुले बाजूने पळत जायची. पावसाळ्यात धुके इतके दाट असते, की खाली गाव आहे हे केवळ भोंग्याच्या आवाजावरून कळते. तीन महिन्यांत माझे वजन साडेचार किलो उतरले आणि गुडघा, ज्याच्यापायी हे सारे सुरू झाले होते, दुखायचा बराच थांबला.

तीन महिन्यांनी माझे एकूण कोलेस्टेरॉल २०९, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ४१ आणि एलडीएल १३८ आले. एलडीएल तीस अंकांनी, म्हणजे सुमारे अठरा टक्के उतरले होते. मला रक्तदाब नाही, साखर नाही, म्हणून डॉक्टरांनी हेच पुढे चालू ठेवू आणि सहा महिन्यांनी पाहू, असे सांगितले. हा निर्णय माझ्यापुरता आहे. ज्यांना हृदयविकार किंवा मधुमेह आहे त्यांच्यासाठी मर्यादा फार खालच्या असतात, आणि माझा लेख वाचून कोणी आपली चालू गोळी थांबवली तर मला फार दुःख होईल.

भावाने माझ्यापेक्षा कडक पथ्य पाळले होते. तूप त्याने पूर्ण सोडले होते, एकादशीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा. त्याचे एलडीएल २०८ आले. सोळा अंक.

त्या संध्याकाळी तो आमच्या गच्चीवर बसून राहिला. ‘माझ्यातच काही कमी पडलं,’ तो म्हणाला. मी त्याला उसाच्या गाड्यांचे सांगितले. काटे जन्मापासून निम्मे असतील, तर रानातला ऊस कमी करून रस्ता किती मोकळा होणार? तो ऐकत होता, पण गोळी म्हटले की त्याला हार मानल्यासारखे वाटत होते. वारकऱ्याला शरीर औषधावर चालवणे कमीपणाचे वाटत होते. मग मी त्याला अकिरा एंडो यांची गोष्ट सांगितली. जपानच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा शास्त्रज्ञ १९७० नंतरच्या दोन वर्षांत सुमारे सहा हजार बुरश्या तपासत बसला होता. कोलेस्टेरॉल बनवण्याची यकृतातली पायरी थांबवील असे काही त्याला हवे होते. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्याला ते सापडले. तिच्यातून पहिले स्टॅटिन, म्हणजे त्याला सुचवलेल्या गोळीच्या जातीचे पहिले औषध, निघाले. यकृताला आतले उत्पादन कमी पडू लागले की ते बाहेरचे कण पकडण्यासाठी अधिक काटे उघडते. गोळीचे काम एवढेच. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात अशी गोळी घेणाऱ्यांमधले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाले. आमच्या वडिलांचे वर्ष त्याच्या आधीचे होते. ते मी बोलले नाही. त्यालाही न सांगता कळले.

‘एकोणपन्नासला मला अजून दीड वर्ष आहे,’ तो उठताना म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळी सुरू केली. पहिले काही आठवडे त्याच्या पोटऱ्या दुखत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलून दिला आणि ते थांबले. तीन महिन्यांनी त्याचे एलडीएल १०४ आले. पथ्य त्याने सोडले नाही, कारण गोळीच्या जोडीला ते असले की गोळी थोडी लागते. आणि आषाढातली चालही सोडली नाही. पण कितीतरी दिवस तो गोळ्यांची पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि मोरीत जाऊन पाण्याबरोबर घ्यायचा.

राहिली होती त्याची मुले. थोरली मुलगी सोळा वर्षांची, मुलगा बारा. आमचे वडील गेले तेव्हा माझा भाऊ जेवढा होता, तेवढाच तो. दोष वाटून येण्याची शक्यता निम्मी-निम्मी, तेव्हा तपासणी करणे भाग होते आणि भावजय ती टाळत होती. मी तिला दोष देत नाही. गेल्या मे महिन्यात मुले सुट्टीला माझ्याकडे आली असताना आम्ही सगळे मिळून प्रयोगशाळेत गेलो. मुलीचे एलडीएल ९२ आले. मुलाचे १८७.

अशा मुलांवर वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार करता येतात आणि लवकर सुरू झालेल्या उपचारांनी त्यांचे आयुष्य इतरांसारखे जाते, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. मुलगा ते ऐकत होता की नाही, कोण जाणे. घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, ‘आत्या, मी काय जास्त खाल्लं का?’

मी काही बोलण्याआधी माझा धाकटा भाऊ त्याच्याजवळ खाली बसला. ‘नाही रे बाळा,’ तो म्हणाला. ‘आजोबांकडून ते माझ्याकडं आलं, माझ्याकडून तुझ्याकडं.’ आणि आतल्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्याने ती मुलाला बघायला म्हणून त्याच्या हातावर ठेवली.